पत्त्याची पाठ

'कॅटान'चा डबा उघडला की आतून जाड पुठ्ठ्याचे १९ षटकोन निघतात, समुद्राच्या चौकटीचे ६ तुकडे, आकड्यांच्या १८ गोल चकत्या, खेळायचे १२० पत्ते, चार रंगांतल्या मिळून ६० रस्त्यांच्या काड्या, २० घरं, १६ शहरं, दोन फासे आणि एक दरोडेखोर. क्लाउस टॉयबर या जर्मन दंततंत्रज्ञाने रचलेला हा खेळ १९९५ साली बाजारात आला, त्याच वर्षी त्याला जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे तो जगभर पसरला. पुण्यामुंबईतल्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये एक डाव झाला आणि डब्याची किंमत कळली, की टेबलावरचं कुणी ना कुणी म्हणतंच, "यात आहे काय एवढं? पुठ्ठा नि लाकूड. घरी करू की!"

म्हणणं अगदीच चुकीचं नाही. टॉयबरनेही आधीच्या प्रती घरच्या तळघरातच केल्या होत्या. प्रश्न दोन आहेत. घरची प्रत खेळायला तितकीच चांगली होईल का, आणि खर्च व वेळ धरता ती परवडेल का? माझं मत असं, की डब्यातल्या ज्या वस्तू एकेकट्या हाताळायच्या असतात त्या घरी दुकानाइतक्या, क्वचित दुकानापेक्षा सरस होतात. ज्यांचं कामच एकमेकींसारखं असण्याचं आहे, तिथे घरचा हात उघडा पडतो. कारखाना मुख्यतः एकसारखेपणा विकतो. रंग, चकाकी आणि जाडी मिळवणं त्यामानाने सोपं.

पटाचंच बघा. त्याला बुकबाइंडरचंच सामान लागतं: दोनेक मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा, म्हणजे बाजारातला कप्पा बोर्ड, वर चिकटवायला छापील कागद आणि घडीच्या जागी बाइंडिंगचं कापड. हौशी माणसाचा पट हटकून वाकतो, त्याचं कारण साधं आहे. खळ किंवा फेव्हिकॉल लावलेला कागद ओला होऊन पसरतो, तसाच पुठ्ठ्यावर बसतो आणि वाळताना आकसतो. आकसताना तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो आणि चार दिवसांत कडा वर येतात. बाइंडर मागच्या बाजूलाही कागद लावतो, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा होतो, आणि पूर्ण वाळेपर्यंत पट दाबाखाली ठेवतो. दोन्ही कागदांचे तंतू एकाच दिशेने जाणारे हवेत, कारण कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. दिशा ओळखायला यंत्र लागत नाही. कागद आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून पाहायचा. जिकडे तो कुरकुर न करता वळेल, तिकडची घडी तंतूंना समांतर असते. एवढं पाळलं तर घरचा पट दुकानातल्या पटाशेजारी ठेवायला लाज वाटू नये.

कॅटानचा पट मात्र एकसंध नाही, तुकड्यांचा आहे, आणि तिथून अडचण सुरू होते. कारखान्यात पोलादी पात्यांची डाय एका दाबात सगळे षटकोन कापून मोकळी होते. घरी स्टील पट्टी आणि कटर घेऊन बसलं तर १९ गुणिले ६, म्हणजे ११४ कडा, आणि दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला प्रत्येक कडेवर कटर चार-पाचदा फिरवावा लागतो. प्रत्येक षटकोन अर्धा मिलिमीटर मोठा झाला, तर पाच षटकोनांच्या मधल्या ओळीत अडीच मिलिमीटरची चूक साठते आणि समुद्राची चौकट बसायला नकार देते. एकट्या तुकड्याकडे पाहिलं तर तो निर्दोष वाटतो. हल्ली मोठ्या शहरांत लेझर कटिंगची दुकानं आहेत. तीन मिलिमीटरच्या एमडीएफमधून ते हेच तुकडे हुबेहूब एकसारखे कापून देतात. पण मग आपण 'घरी केलं' असं किती म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. बरं, षटकोन थोडेफार वेगळे झाले तरी डाव बिघडत नाही. ते एकदा मांडले की उघडेच असतात.

पत्त्यांना ही सवलत नाही. कॅटानमध्ये २५ 'विकास पत्ते' असतात. त्यांत १४ सरदार, ५ थेट विजयाचा गुण देणारे आणि ६ इतर. हे पत्ते पालथे विकत घ्यायचे आणि लपवून धरायचे. त्या पाचांपैकी एकाच्या पाठीवर छपाईची रेघ किंचित कलली असेल, कोपरा जरा वेगळा गोल झाला असेल किंवा कड दाताळ कापली गेली असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या डावापासून सगळ्यांना तो पत्ता पाठीवरून ओळखता येतो आणि खेळ तिथेच संपतो. कुणी लबाडी करायची गरज नाही. डोळ्याला जे एकदा दिसलं ते न दिसल्यासारखं करता येत नाही.

चांगल्या पत्त्याचा कागद एकपदरी नसतो. दोन पदर काळ्या किंवा करड्या अपारदर्शक गोंदाने चिकटवलेले असतात, म्हणून दिव्यासमोर धरला तरी पलीकडचं दिसत नाही. वरून बारीक विणीचा उठाव दिलेला असतो. त्याला लिनन फिनिश म्हणतात आणि तो नुसता शोभेचा नाही. दोन पत्त्यांमध्ये हवेचा पातळ थर राहावा आणि पिसताना ते एकमेकांना चिकटू नयेत, हे त्याचं काम. घरच्या माणसाला पहिला मोह होतो तो लॅमिनेशनचा. पत्ते चमकतात खरे, पण मग गठ्ठाच्या गठ्ठा एकमेकांवर बसून राहतो, पिसला जात नाही आणि कापलेल्या कडेने प्लास्टिक सुटू लागतं. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड डिजिटल प्रेसवर छापून घेतलं तर निकाल बराच बरा. तिथेही एक खोड आहे. कागद उलटताना पुढची आणि मागची छपाई एक-दोन मिलिमीटर सरकते. पाठीला पांढरी किनार ठेवली असेल तर हे सरकणं प्रत्येक पत्त्यावर वेगळं दिसतं. एकीकडे किनार जाड, दुसरीकडे बारीक. त्यामुळे अनुभवी हौशी लोक पाठीला किनारच ठेवत नाहीत. कडेपर्यंत पसरलेली बारीक नक्षी किंवा सपाट रंग घेतला की दोन मिलिमीटरची चूक त्यातच विरून जाते.

याहून सोपी आणि माझ्या मते सगळ्यात हुशार युक्ती म्हणजे छपाईच्या स्पर्धेतून माघार घेणं. पत्त्याची पुढची बाजू साध्या ८० जीएसएमच्या कागदावर छापायची. पत्त्याचं रूढ माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, म्हणजे ए-४ कागदावर नऊ बसतात. मग अपारदर्शक पाठीच्या तयार स्लीव्ह, म्हणजे पत्त्याची प्लास्टिक पाकिटं, आणायच्या आणि प्रत्येकीत हा कागद व त्यामागे ताठपणासाठी पत्त्यांच्या स्वस्त कॅटमधलं एक पान सरकवायचं. पाठ कारखान्याची, कडा कारखान्याच्या, कोपरे कारखान्याचे. घरचं फक्त चित्र. जो एकसारखेपणा घरी जमत नाही तो सुटा विकत मिळतो, हे कळायला लोकांना उगीच वेळ लागतो.

फासे मात्र विकतच घ्यावेत. तासून केलेला लाकडी फासा देखणा असतो, पण प्रामाणिक असेलच असं नाही. बाजारातला साधा फासाही पुरता निर्दोष नसतो म्हणा. १८९४ मध्ये वेल्डन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १२ फासे एकदम टाकण्याचे २६,३०६ प्रयोग नोंदवले, तेव्हा पाच आणि सहा हे आकडे हक्कापेक्षा किंचित जास्त पडलेले दिसले. टिंबांसाठी खळगे कोरलेले असले की सहाची बाजू सगळ्यात हलकी होते, असं त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. वेल्डनची हीच नोंदवही पुढे कार्ल पिअरसनने १९०० साली आपली काय-वर्ग चाचणी मांडताना वापरली. कॅसिनोतल्या फाशांत या खळग्यांमुळेच टिंबं तेवढ्याच घनतेच्या रंगाने भरून सपाट करतात. घरच्या डावाला एवढी काटेकोरी लागत नाही, दोन साधे फासे पुरतात. घरं आणि रस्ते म्हणजे तर लाकडाचे ठोकळेच. बांगड्यांच्या दुकानातले मणी, सुताराकडची उरलेली पट्टी, काहीही चालतं, आणि सुताराने मन लावून केलेले तुकडे डब्यातल्या तुकड्यांपेक्षा हाताला कितीतरी बरे लागतात.

दुकानातली प्रत म्हणजे गुणवत्तेची शेवटची पायरी, हा समज तर स्क्रॅबलने कधीच खोटा पाडला आहे. घरगुती डब्यात येणाऱ्या लाकडी अक्षर-सोंगट्यांवर अक्षर किंचित खोदलेलं असतं. पिशवीत हात घालून बोटांनी चाचपलं तर कोरी सोंगटी ओळखता येते, आणि सरावलेल्या बोटांना अक्षरही लागतं. म्हणून अमेरिकेतल्या स्पर्धात्मक खेळाडूंनी डब्यातल्या सोंगट्या बाजूला ठेवल्या आणि सपाट छपाईच्या गुळगुळीत प्लास्टिक सोंगट्या वापरायला घेतल्या. त्या करणारे छोटे कारागीर मूळ कंपनीचे कुणी लागत नव्हते. त्यांनी दुकानच्या मालाला मागे टाकलं ते पुन्हा एकसारखेपणाच्याच जोरावर.

आपल्याकडे हा सगळा विचार फार आधी झाला होता. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२०, योगायोगाने कॅटानइतकीच. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढऱ्या मातीचा लेप, घोटाई, रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. सगळं हाताने. मग पाठीवरून पान ओळखू येऊ नये, याची काळजी कशी घेतली? पानं गोल केली. गोल पानाला दुमडायला कोपरा नाही, उलटसुलट असं काही नाही. आणि पाठ एकरंगी ठेवली, म्हणजे नक्षी सरकण्याचा प्रश्नच संपला. भारतात गंजिफा गोल का झाली यामागे इतरही कारणं असतील, पण हाताने घडवायच्या पानाला याहून सोयीचा आकार मला सुचत नाही.

दर्जाचे भेदही तेव्हा लपवलेले नव्हते. संग्राहक आणि अभ्यासक गंजिफांचे 'दरबार कलम' आणि 'बाजार कलम' असे दोन वर्ग करतात. एक हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीवर सोन्याच्या रंगाने केलेली, दुसरी कागद-कापडावर भराभर ओढलेल्या रेषांची. नियम दोन्हींचे तेच, डाव तोच. सावंतवाडीत ही कला मरणपंथाला लागली होती. राजेसाहेब शिवराम सावंत भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. आज तिथे हाताने रंगवलेल्या संचाची किंमत छापील खेळाच्या कितीतरी पट असते आणि घेणारे बहुतेक जण तो खेळत नाहीत, कपाटात ठेवतात.

आता पैशांचं. कॅटानच्या १२० पत्त्यांना १२ बाय १८ इंची सहा कागद लागतात, एका कागदावर वीस. दोन्ही बाजूंच्या रंगीत छपाईला कागदामागे ५० रुपये धरू, म्हणजे ३००. षटकोन, चकत्या आणि चौकट यांची छपाई व पुठ्ठा मिळून दोन-अडीचशे. ९६ लाकडी तुकडे आणि रंग, पुन्हा तेवढेच. स्लीव्ह घेतल्या तर आणखी तीनेकशे. वाया गेलेला कागद, बिघडलेला पुठ्ठा, कटरची पाती आणि डबा धरले की गाडी हजार-बाराशेवर जाते. दर गावागणिक बदलतील, पण अंदाज फार हलायचा नाही. अस्सल डबा काही हजारांना पडतो. तेव्हा बचत होते, हे खरं. मात्र दोन-तीन रविवार खर्ची पडतात, आणि डबा नको झाला तर जुना अस्सल डबा विकता येतो, घरची प्रत कुणी घेत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी एकच वस्तू असेल तर सौदा घरच्या बाजूने झुकतो. पत्त्यांचा खेळ असेल तर दुकानाच्या.

हजार प्रती छापणाऱ्याला एक प्रत इतकी स्वस्त का पडते, तर ऑफसेटच्या प्लेट आणि कापणीची डाय यांचा खर्च एकदाच होतो आणि हजारांत वाटला जातो. या धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा, की दुकानातली किंमत निर्मितीखर्चाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त असते. मधले पैसे वाहतूकदार, वितरक, दुकानदार आणि प्रकाशक यांच्यात जातात. खेळ रचणाऱ्याच्या हाती सहसा एकअंकी टक्के येतात. या ठोकताळ्यावरच एकाने वेगळा धंदा उभा केला. सिॲटलच्या जेम्स अर्नेस्टने १९९६ मध्ये 'चीपॲस गेम्स' काढली. फासे, सोंगट्या, खेळातले पैसे तुमच्या घरी कुठल्या ना कुठल्या डब्यात आहेतच, मग त्याचे पैसे पुन्हा कशाला द्यायचे, असा त्याचा रोकडा सवाल. तो पाकिटात फक्त त्या खेळाचे पत्ते, पट आणि नियम घालून स्वस्तात विकत असे. पुढे यातले बरेच खेळ घरी छापून घेण्यासाठी फुकट दिले गेले. आज 'प्रिंट अँड प्ले' नावाने हा एक स्वतंत्र प्रांतच झाला आहे, जिथे रचनाकार स्वतःच फाइल देतो आणि कुणाचं काही चोरल्यासारखं होत नाही.

चोरीचा विषय निघालाच आहे तर कायदाही पाहू. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर मॅटेल विरुद्ध अगरवाला हे प्रकरण आलं. कोलकात्याच्या दोन भावांनी 'स्क्रॅब्युलस' नावाचा ऑनलाइन खेळ काढला होता आणि तो फेसबुकवर प्रचंड चालला होता. न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर नावाला मनाई केली, कारण ते 'स्क्रॅबल'च्या ट्रेडमार्कशी गोंधळ करणारं होतं. पण खेळाच्या नियमांवर आणि पटाच्या मांडणीवर कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही. खेळाची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. चित्रं, नियमपुस्तिकेची भाषा आणि नाव असू शकतं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापरासाठीच्या न्याय्य वापराला जागा आहे. ती सवलत विकण्यासाठी केलेल्या प्रतींना नाही. ऑनलाइन बाजारात निम्म्या किमतीला मिळणारे नकली डबे तर हौशी लोकांनी केलेले नसतातच. तो कारखान्याचाच माल, फक्त चोरून स्कॅन केलेला.

आणि स्कॅन ओळखू येतो. छापील चित्र म्हणजे चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची जाळी. ती स्कॅन करून पुन्हा छापली की जुन्या ठिपक्यांवर नव्या ठिपक्यांची जाळी बसते आणि दोन्हींच्या भांडणातून लहरी उमटतात. छपाईवाले त्याला मॉरे म्हणतात. रंग मळका होतो, बारीक अक्षरं फुगतात. गंमत अशी, की कायदा आणि छपाईशास्त्र इथे एकच सल्ला देतात: नियम घ्या, चित्रं आपली काढा. नव्याने काढलेल्या चित्राची घरची प्रत ताजी दिसते, मूळ चित्राची नक्कल मात्र शिळी.

खेळांचा इतिहास तर अशा प्रतींनीच भरला आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्‌स गेम'चं पेटंट मिळवलं. जमिनीची मक्तेदारी कशी माणसं भिकेला लावते, हे त्यातून दाखवायचं होतं. त्यानंतर तीनेक दशकं लोक तो खेळ एकमेकांकडून उतरवून घेत राहिले. मेणकापडावर, पुठ्ठ्यावर, प्रत्येक गावात आपापल्या रस्त्यांची नावं घालून. अटलांटिक सिटीच्या क्वेकर पंथाच्या मंडळींनी त्यांच्या शहराची नावं घातली. त्यातली एक प्रत उतरवताना 'मार्व्हेन गार्डन्स'चं 'मार्व्हिन गार्डन्स' झालं. चार्ल्स डॅरो नावाच्या एका माणसाने नेमकी तीच प्रत उचलली, मेणकापडावर रंगवून विकली, आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने ती 'मोनॉपॉली' म्हणून बाजारात आणली, स्पेलिंगच्या चुकीसकट. डॅरो श्रीमंत झाला. मॅगींना त्यांच्या पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. आपल्याकडे पिढ्यांनी खेळलेला 'नवा व्यापार' याच वंशातला.

घरची प्रत खरी मोलाची ठरते ती जिथे दुकानात सहजासहजी काही मिळत नाही तिथे. मराठी अक्षरांचा स्क्रॅबल हे त्याचं उदाहरण, आणि ते अवघड का आहे हेही पाहण्यासारखं आहे. आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या वास्तुविशारदाने मंदीच्या काळात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानांवरची अक्षरं मोजली, त्यावरून कोणतं अक्षर किती सोंगट्यांवर द्यायचं ते ठरवलं, आणि अनेकवचनाची सोपी पळवाट बंद करायला 'एस' चारच ठेवले. मराठीत मोजायचं काय, इथपासून सुरुवात. 'कि' ही एक सोंगटी की 'क' आणि वेलांटी अशा दोन? 'क्ष' आणि 'ज्ञ' सुटे द्यायचे, तर मग 'स्त' आणि 'प्र' यांनी काय घोडं मारलं? काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या ठेवल्या तर सोंगट्या आटोक्यात राहतात, पण ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते नि उच्चार नंतर, त्यामुळे ती पटावर कोणत्या घरात बसवायची? प्रत्येक व्यंजनाची बाराखडी दिली तर पिशवी तांदळाच्या पोत्याएवढी होईल. दोनचार दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या घेऊन मोजणी करता येईल, 'ळ'ला किती गुण द्यायचे ते त्यातून कळेल, 'ङ' आणि 'ञ' बहुधा वगळावे लागतील. नियम मात्र पाच-सात वेळा तरी बदलतील. म्हणून पहिल्या संचासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन पुरेत. लेझर कटिंगवाल्याकडे जायची घाई करू नये.